वर्ल्ड कपचं यजमानपद विकलं जातं, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'खेळ आणि भ्रष्टाचार' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं यजमानपद कुठल्या देशाला द्यायचं हे ठरतं कसं, आणि त्यात पैसा कुठून शिरतो?

हा तुकडा मी तुमच्यामुळेच निवडला. २०२२ साली कतारमध्ये वर्ल्ड कप झाला. मोरोक्कोचा संघ उपांत्य फेरीत गेला, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांमध्ये पोरं रात्र रात्र जागली. त्याच दिवसांत 'कतारने वर्ल्ड कप विकत घेतला' अशा बातम्याही येत होत्या. त्यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं होतं: "ही गोऱ्यांची पोटदुखी आहे. एका मुस्लिम देशाला मान मिळाला तो यांना बघवत नाही." आज चहाच्या वेळीही दोघातिघांनी मला हेच ऐकवलं. या उत्तरात थोडं खरं आहे. पण ते पुरेसं नाही, आणि का पुरेसं नाही ते मला सांगायचं आहे.

माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा. तीस वर्षं पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, शिक्षण संस्था यांची दप्तरं तपासली. या कामात एक सवय लागते. संस्थेच्या पाटीवर कुणाचं नाव आहे, अध्यक्ष कुठल्या जातीधर्माचा आहे, हे आपण बघत नाही. ठराव कुठे आहे, इतिवृत्तात काय लिहिलंय, पैसे कुणाच्या सहीने गेले आणि पावती कुठे आहे, एवढंच बघतो. आज त्याच नजरेने फिफाचं दप्तर उघडू या.

तारीख २ डिसेंबर २०१०. ठिकाण झुरिक, स्वित्झर्लंड. फिफाच्या कार्यकारी समितीने त्या एकाच दिवशी दोन वर्ल्ड कपचे यजमान ठरवले. २०१८चा रशियाला दिला, २०२२चा कतारला. समितीत माणसं चोवीस. त्यातले दोन, नायजेरियाचे अमोस अदामू आणि ताहितीचे रेनाल्ड तेमारी, मतदानाआधीच निलंबित झाले होते. लंडनच्या 'संडे टाइम्स'च्या बातमीदारांनी अमेरिकन कंपन्यांचे दलाल असल्याचं सोंग घेतलं आणि या दोघांशी मतांबद्दल नि पैशांबद्दल झालेली बोलणी छुप्या कॅमेऱ्यावर टिपली. मग उरले बावीस.

या बावीस जणांसमोर फिफाच्याच तपासणी पथकाचा अहवाल होता. २०२२साठी अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि कतार असे पाच देश रांगेत होते. त्या पाचांत एकूण आयोजनाचा धोका 'जास्त' असा शेरा फक्त कतारला मिळाला होता. जून-जुलैमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर जातो, हे सांगायला पथकाचीही गरज नव्हती. मतदान गुप्त. आपण असं मत का दिलं, हे कुणालाही लिहून द्यायचं नव्हतं. अहवाल पाळायचं बंधन नव्हतं. चौथ्या फेरीत कतार १४, अमेरिका ८.

एखाद्या संस्थेच्या दप्तरात मला असा ठराव सापडला, तर मी तिथेच पेन्सिलीने खूण करून ठेवतो. लाच घेतली असं मी म्हणत नाही. इथे लाच घेतली गेली असती तरी ती पकडता येणार नाही अशी व्यवस्था आहे, एवढंच त्या खुणेतून म्हणतो.

मग लाच दिली गेली का? इथे शब्द जपून वापरावे लागतात. आरोप, पुरावा आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात आरोपपत्र दाखल केलं. कतारला मत देण्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या समिती सदस्यांना पैसे मिळाले, असं त्यात म्हटलंय. ब्राझीलचे रिकार्डो तेइशेरा आणि पॅराग्वेचे निकोलस लेओस यांची नावं त्यात आहेत. त्याच आरोपपत्रानुसार त्रिनिदादचे जॅक वॉर्नर यांना रशियाला मत देण्यासाठी ५० लाख डॉलर मिळाले, तेही नावापुरत्या काढलेल्या कंपन्यांमधून फिरवून. कतार आणि रशिया दोघांनीही हे नाकारलं. कतारच्या बोली समितीतल्या कुणालाही या मतदानासाठी आजवर कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही. 'कतारने विकत घेतला हे सिद्ध झालं' असं कुणी म्हणालं तर ते चूक. 'सगळं बनावट आहे' असं कुणी म्हणालं तर तेही चूक.

आता तुमच्या मनातला प्रश्न: हे फक्त कतारबद्दलच का बोलतात? दप्तराची आधीची पानं उलटा, म्हणजे उत्तर मिळेल.

२००६चा वर्ल्ड कप जर्मनीत झाला. जुलै २०००मध्ये मतदान झालं. जर्मनी १२, दक्षिण आफ्रिका ११. न्यूझीलंडचे चार्ल्स डेम्प्सी ऐनवेळी तटस्थ राहिले, म्हणून एका मताने निकाल लागला. आदल्या रात्री एका जर्मन व्यंग मासिकाने गंमत म्हणून समिती सदस्यांना फॅक्स पाठवले होते: जर्मनीला मत द्या, एक कुकू घड्याळ आणि चांगलं हॅम भेट देऊ. पुढे २०१५मध्ये 'डेर श्पीगल' साप्ताहिकाने बातमी छापली की जर्मन आयोजन समितीच्या हिशेबात ६७ लाख युरोंची एक नोंद आहे आणि तिचं दाखवलेलं कारण खोटं आहे. जर्मन फुटबॉल संघाने वकिलांच्या कंपनीकडून चौकशी करून घेतली. त्या अहवालानुसार, २००२ साली एक कोटी स्विस फ्रँक फिरत फिरत कतारचे मोहम्मद बिन हम्माम यांच्या कंपनीच्या खात्यात पोहोचले होते. हे बिन हम्माम फिफाच्या कार्यकारी समितीत होते. पैसे नेमके कशासाठी गेले, हे आजही पक्कं ठरलेलं नाही. स्वित्झर्लंडमधला खटला २०२०मध्ये मुदत संपल्यामुळे गुंडाळला गेला. ज्या देशाची शिस्त आपल्याला उदाहरण म्हणून सांगतात, त्या देशाच्या कीर्दीत हे निघालं.

२०१०चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत झाला. मतदान मे २००४मध्ये, दक्षिण आफ्रिका १४, मोरोक्को १०. चक ब्लेझर हे अमेरिकन गृहस्थ समितीत होते. कर चुकवल्याच्या प्रकरणात ते सापडले आणि २०१३मध्ये त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. दक्षिण आफ्रिकेच्या निवडीच्या वेळी मी आणि समितीतल्या इतरांनी लाच घ्यायचं मान्य केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. आरोपपत्रात एक कोटी डॉलरचा आकडा आहे. तो पैसा २००८मध्ये फिफाच्याच खात्यातून वॉर्नर यांच्या ताब्यातल्या कॅरिबियन खात्यांत गेला. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं असं की ही लाच नव्हती, कॅरिबियन बेटांवरच्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या फुटबॉलसाठी ती मदत होती.

आता ज्या मोरोक्कोसाठी तुम्ही फटाके उडवलेत त्याचं काय? १९९८च्या यजमानपदासाठी मोरोक्कोच्या बाजूने वॉर्नर यांना लाच देऊ केली गेली, असं अमेरिकेचं आरोपपत्र म्हणतं. त्या व्यवहारात आपला हात होता असं ब्लेझर यांनी कबूल केलं. वर्ल्ड कप मात्र फ्रान्सला गेला. २०१०च्या वेळी, त्याच आरोपपत्रानुसार, मोरोक्कोकडून दहा लाख डॉलरची बोली होती, आणि समोरून एक कोटीची आली. यावरून मला एक गोष्ट तुम्हाला नीट सांगायची आहे. 'सगळेच देतात, मग आपल्या माणसाने दिले तर काय बिघडलं' असं म्हणणाऱ्याने हा हिशेब पाहावा. जिथे लिलाव असतो तिथे ज्याची थैली मोठी त्याचाच माल. गरीब देश, लहान देश, कालपर्यंत गुलामीत असलेले देश लिलावात कधीच जिंकत नाहीत. त्यांना जिंकायचं असेल तर नियमाने चालणारा, कारणं देणारा, उघड निर्णयच हवा. भ्रष्टाचारामुळे दुबळ्यालाही संधी मिळते हा समज खोटा आहे. एखाद्या वेळी दुबळ्याच्या गटातला श्रीमंत जिंकतो, आणि आपण तो आपला विजय समजतो.

पाश्चात्त्य देशांचं ढोंग खोटं आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडला २०१८ हवा होता. त्यांच्या बोली समितीने सदस्यांच्या बायकांना महागड्या हँडबॅगा भेट दिल्या. वॉर्नर यांच्या कॅरिबियन संघटनेच्या जेवणावळीचं ५५ हजार डॉलरचं बिल भरलं. इतकं करून मतं मिळाली दोन. ऑस्ट्रेलियाने करदात्यांचे चार कोटींहून जास्त डॉलर बोलीवर खर्च केले. त्रिनिदादमधल्या एका क्रीडा केंद्रासाठी वॉर्नर यांच्याकडे जवळपास पाच लाख डॉलर गेले, तेही गायब झाले. मिळालेलं मत एक. फ्रान्सचं तर आणखी वेगळं. मतदानाच्या नऊ दिवस आधी, २३ नोव्हेंबर २०१०ला, अध्यक्ष सार्कोझी यांनी त्यांच्या निवासस्थानी जेवण दिलं. जेवायला कतारचे युवराज आणि पंतप्रधान होते, आणि मिशेल प्लाटिनी होते. प्लाटिनी यांनी कतारला मत दिलं. पुढच्या वर्षी कतारच्या सरकारी पैशाने पॅरिसचा मोठा क्लब विकत घेतला. सार्कोझींनी मला मत द्यायला सांगितलं नाही, असं प्लाटिनी सांगतात. तसं असेलही. पण त्या टेबलावर पाकीट नव्हतं म्हणून तिथे देवाणघेवाण नव्हती, असं कुठला लेखापरीक्षक लिहून देईल?

तेव्हा ढोंग खरं आहे. पण दुसऱ्याचं ढोंग आपल्या खर्चाची पावती होत नाही. शेजारच्या सोसायटीत अपहार झाला म्हणून आपल्या सोसायटीचा ताळेबंद बरोबर ठरत नाही.

हे इतकी वर्षं चाललं कसं? फिफा ही स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली संघटना आहे, आपल्या भाषेत एक मंडळ. स्वित्झर्लंडमध्ये सरकारी नोकराला लाच देणं गुन्हा होता. खासगी संस्थेतल्या माणसाला लाच दिली तर कुणी तक्रार केल्याशिवाय पोलिसांना हात घालता येत नव्हता. हा नियम १ जुलै २०१६ला बदलला. दुसऱ्या बाजूला, कुठल्याही देशाच्या सरकारने किंवा कोर्टाने आपल्या सदस्य संघटनेत लक्ष घातलं, तर फिफा तिला निलंबित करते. ऑगस्ट २०२२मध्ये हे आपण घरात अनुभवलं. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांमुळे भारताची फुटबॉल संघटना अकरा दिवस निलंबित राहिली, आणि नवी मुंबई, गोवा, भुवनेश्वर इथला मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप धोक्यात आला होता. राजकारण्यांनी खेळात लुडबुड करू नये हा नियम चांगलाच आहे. पण बाहेरच्याने हिशेब विचारायचा नाही आणि आतल्याने सांगायचा नाही, असं झालं की तो नियम भिंत बनतो.

त्या भिंतीला भोक पाडलं ते माणसांनी. आपण लक्षात ठेवायची नावं त्यांची आहेत. बहामा बेटांचे फ्रेड लन. मे २०११मध्ये त्रिनिदादच्या एका हॉटेलात कॅरिबियन देशांच्या फुटबॉल पदाधिकाऱ्यांना बोलावलं होतं. बिन हम्माम तेव्हा फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. लन यांच्या हातात एक पाकीट आलं, आत ४० हजार डॉलर रोख. त्यांनी आपल्या अध्यक्षांना फोन केला, नोटांचा फोटो काढला आणि पाकीट परत केलं. छोट्या बेटाचा उपाध्यक्ष, पण प्रकरण बाहेर आलं ते त्या फोटोमुळे.

ऑस्ट्रेलियाच्या बोलीत काम करणाऱ्या बोनिता मर्सिएडिस आणि कतारच्या बोलीत काम केलेल्या फेड्रा अलमाजिद या दोन बायका बोलल्या. फिफाने मायकल गार्सिया या अमेरिकन वकिलाला चौकशी दिली होती. त्यांच्या चारशेहून जास्त पानांच्या अहवालाचा बेचाळीस पानी गोषवारा नोव्हेंबर २०१४मध्ये फिफाने छापला. नावं नसली तरी ओळखू येतील अशा रीतीने त्यात या दोघींना खोटं पाडलं. खुद्द गार्सिया म्हणाले की हा गोषवारा अपुरा आणि चुकीचा आहे, आणि महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मूळ अहवाल लोकांसमोर आला जून २०१७मध्ये, तोही एका जर्मन वर्तमानपत्राच्या हाती लागल्यावर. कतारने मतं विकत घेतल्याचा थेट पुरावा त्यात नाही. रशियाच्या बोली समितीने भाड्याचे कॉम्प्युटर परत केले आणि ते नष्ट झाले, हे मात्र आहे. दप्तर जळालं की लेखापरीक्षकाला काय वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि एक नाव खास तुमच्यासाठी. जॉर्डनचे प्रिन्स अली बिन अल हुसेन. फिफाचे उपाध्यक्ष असताना त्यांनी गार्सिया अहवाल पूर्ण छापा अशी जाहीर मागणी केली. २७ मे २०१५ला झुरिकच्या हॉटेलात पहाटे फिफाचे सात पदाधिकारी पकडले गेले. दोनच दिवसांनी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. प्रिन्स अली ब्लाटर यांच्या विरोधात उभे राहिले. ७३ मतं मिळाली, ब्लाटर यांना १३३. हरले. चार दिवसांनी ब्लाटर यांनी पद सोडायची घोषणा केली. बिन हम्माम अरब आणि मुस्लिम, प्रिन्स अलीही अरब आणि मुस्लिम. 'आपला माणूस' म्हणून पाठराखण करायची तर यांतल्या कुणाची? नावावरून आणि धर्मावरून हे ठरत नाही. कुणी पाकीट वाटल्याचा आरोप झेलला आणि कुणी अहवाल उघडा करा म्हणून सांगितलं, यावरून ठरतं.

आता, बावीस जणांच्या बंद खोलीतल्या निर्णयाचं बिल कुणी भरलं? कतारमध्ये आठ स्टेडियम लागली, त्यातली सात नव्याने बांधली. ती बांधणारे मजूर भारत, नेपाळ, बांगलादेशचे. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतले भाऊ, चाचा, मामू आखातात आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी सोडता येत नाही, देशाबाहेर जाता येत नाही, ही कफाला पद्धत तुमच्या घरच्यांनी भोगलेली आहे. जगाचा दबाव आला तेव्हा कतारने तिच्यात बदल केले, ते मान्य करायला हवं. किती मजूर मेले, यावर वाद आहे. आयोजन समितीच्या प्रमुखांनीच २०२२मध्ये मुलाखतीत चारशे ते पाचशे असं सांगितलं. नंतर समितीने खुलासा केला की तो आकडा देशभरातल्या सगळ्या कामांचा आहे. मला विचारायचंय ते इतकंच: मजुरांच्या हक्कांची अट मतदानाच्या आधी घातली असती, आणि मत देणाऱ्याला कारण लिहावं लागलं असतं, तर हे बदल पहिली कुदळ पडायच्या आधी झाले नसते का? 'आपला देश जिंकला' म्हणताना यातला आपला कोण, स्टेडियमचा मालक की त्याच्या छतावर चढलेला आपला मामू?

सुधारणा झाली का? झाली, आणि मग निसटलीही. २०२६चा निर्णय जून २०१८मध्ये मॉस्कोत सगळ्या सदस्य देशांच्या सभेत झाला. कुणी कुणाला मत दिलं ते जाहीर झालं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून १३४, मोरोक्को ६५. मोरोक्को पुन्हा हरला, पण त्या निकालावर कुणाला पाकिटाचा संशय घ्यावासा वाटला नाही. दोनशे जणांना गुपचूप विकत घेणं बावीस जणांपेक्षा फार अवघड असतं.

पण ११ डिसेंबर २०२४ला काय झालं बघा. २०३०चा वर्ल्ड कप मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल यांना, आणि २०३४चा सौदी अरेबियाला. दोन्हींना एकेकच दावेदार, ऑनलाइन सभा, आणि टाळ्या वाजवून मंजुरी. २०३४साठी फक्त आशिया आणि ओशनिया खंडांतले देश पात्र, असं ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर झालं. दावा सांगायला महिनाही मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाने शेवटच्या दिवशी माघार घेतली. बिनविरोध निवडणूक आपण गावात बघतो. कधी ती खरोखर एकोप्याने होते, कधी दुसऱ्याला अर्ज भरायला वेळच मिळत नाही. इथे लाच दिली असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण दोनशे अकरा देशांच्या हातात मत दिलं आणि मत द्यायचा प्रसंगच काढून घेतला, तर त्या सुधारणेत उरलं काय?

मत ही अमानत आहे, हा शब्द आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतो. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवलेली. ती परत करताना हिशेब द्यावाच लागतो. २०३४ जवळ येईल तसा तोच वाद पुन्हा पेटेल. एका बाजूला अरबांविषयीचा द्वेष असेल, दुसऱ्या बाजूला 'आमच्यावर टीका म्हणजे इस्लामवर टीका' असं म्हणणारे असतील. तुम्ही दोघांनाही चार प्रश्न विचारा. निर्णय किती जणांनी घेतला? कारण लिहिलं आहे का? दुसऱ्याला दावा सांगायची खरी संधी होती का? आणि बिल कोण भरणार?

हेच प्रश्न तुमच्या तालुक्याच्या क्रीडा संघटनेलाही विचारा, मोहल्ल्याच्या ट्रस्टलाही विचारा. तिथे ते विचारणं जास्त अवघड जाईल, कारण समोर ब्लाटर नसतील, ओळखीचे चाचा असतील. फुटबॉल बघा, जरूर बघा. मोरोक्कोसाठी परत रात्रभर जागा. मीही जागेन.